डेन्मार्कची मिंक: आदेश आधी, कायदा नंतर

४ नोव्हेंबर २०२० रोजी डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिकसन यांनी पत्रकार परिषद घेतली आणि देशातली सगळी मिंक, म्हणजे फरसाठी पिंजऱ्यात पाळली जाणारी लहान जनावरे, मारावी लागतील असे जाहीर केले. सगळी म्हणजे दीड ते पावणेदोन कोटी. डेन्मार्कची लोकसंख्या तेव्हा ५८ लाखांच्या आसपास होती, म्हणजे माणशी जवळजवळ तीन जनावरे. करोनाचा विषाणू माणसातून मिंकमध्ये गेला होता, तिथे बदलला होता आणि बदललेल्या रूपात पुन्हा माणसात आला होता. लस बाजारात यायच्या आधीच ती निकामी करील असा विषाणू या पिंजऱ्यांमध्ये तयार होईल, ही भीती होती. त्यानंतर आठवडाभरातच उघड झाले की निरोगी फार्मवरची जनावरे मारायचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला कायद्याने दिलेलाच नव्हता. तोवर पिंजरे झपाट्याने रिकामे होत चालले होते.

या प्रकरणावर दोन टोकांची मते आहेत. काहींना ते सरकारचे धाडस वाटते, काहींना मनमानी. माझे मत असे की धोका खरा होता, घाई समजण्यासारखी होती, आणि तरीही कायद्याला वगळून जे केले ते चूकच होते. हे पटायला मिंकच्या धंद्याचे वर्षभराचे चक्र माहीत असावे लागते. नोव्हेंबर महिन्याला या धंद्यात काय अर्थ आहे हे कळले, की त्या आदेशाने शेतकऱ्यांकडून नेमके काय घेतले ते कळते. वर्तमानपत्रांतल्या बहुतेक मजकुरात हीच बाब सुटून गेली होती.

जनावर आणि त्याचे केस

मिंक वीझलच्या कुळातले. आपल्याकडचे पाणमांजर याच कुळातले आहे. मुंगूस अंगाने तसेच लांबोडके दिसत असले तरी त्याचे कुळ वेगळे. वीझलच्या काही जाती आपल्या हिमालयातही राहतात. या कुळातल्या बऱ्याच जनावरांच्या केसांवर माणसाचा शतकानुशतके डोळा राहिला आहे. थंडीत पांढऱ्याशुभ्र होणाऱ्या एरमिनची कातडी, शेपटीच्या काळ्या टोकासकट, युरोपातल्या राजेलोकांच्या समारंभी झग्यांना लागायची. सेबलच्या कातड्यांचा माग काढत रशियाचे व्यापारी आणि कोसॅक अख्खा सायबेरिया ओलांडून प्रशांत महासागरापर्यंत पोहोचले. सायबेरियन वीझलच्या शेपटीचे केस जलरंगाच्या सर्वोत्तम ब्रशांत बसवतात आणि ते कोलिन्स्की नावाने विकले जातात. भारताने १९८९ मध्ये हीच जात साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदवली, त्यामुळे आज हा ब्रश परदेशी पाठवताना केस कुठल्या देशातून आले याचा कागद जोडावा लागतो.

ही जनावरे मुख्यतः रानात सापळे लावून पकडली जातात. पिंजऱ्यात लाखोंनी वाढवणे जमले ते मिंकचे. मूळचे ते उत्तर अमेरिकेचे. पाण्याकाठी राहते, मासे आणि बेडूक धरते, गोठायला आलेल्या पाण्यातही उतरते. त्या थंडीसाठी अंगावर केसांचे दोन थर असतात: आत अतिशय दाट, मऊ लोकर आणि बाहेर आखूड, चकचकीत, पाणी झटकून टाकणारे केस. बाहेरचे केस आखूड आणि एकसारखे असल्यामुळे मिंकचा कोट जड दिसत नाही आणि लवकर झडत नाही. फरचे शिंपी एक खास काम करतात. कातडे काही मिलिमीटर रुंदीच्या तिरप्या पट्ट्यांत चिरायचे, प्रत्येक पट्टी जराशी खाली सरकवायची आणि पुन्हा शिवायची. अशाने हातभर लांबीचे कातडे रुंदीला आटते आणि लांबीला वाढत वाढत पायघोळ कोटाच्या उंचीचे होते. शिवण केसांखाली दडते. अशा एका कोटाला साधारण पन्नास-साठ कातडी लागतात.

आता वर्षाचे चक्र. मार्चमध्ये जोड्या लावतात. एप्रिलअखेरीला आणि मेच्या सुरुवातीला पिल्ले होतात, एका मादीला सरासरी पाच-सहा. मासळीचे आणि खाटीकखान्याचे उरलेसुरले दळून केलेला लगदा हा त्यांचा खुराक. तो रोज पिंजऱ्याच्या जाळीवर वरून टाकतात आणि मिंक खालून तोडून खातात. उन्हाळा संपून दिवस लहान होऊ लागले की उन्हाळी केस गळून हिवाळी केस येतात. नोव्हेंबरात ते पूर्ण भरतात. आठवडाभर आधी कातडे कच्चे, महिनाभराने केसांची झळाळी उतरणीला लागलेली. म्हणून या मोसमात सारे फार्म एकदम कामाला लागतात. जनावरे चाकांच्या बंद पेटीत घालून वायूने मारतात. कातडे पोटावर न चिरता मागच्या पायांकडून डोक्याकडे उलटे ओढून अखंड काढतात, चरबी खरवडतात, फळीवर ताणून वाळवतात आणि लाकडाच्या भुशात घोळवून केस स्वच्छ करतात. पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतात ती फक्त पैदाशीची जनावरे, पाच-सहातले एखादे.

म्हणजे फ्रेडरिकसन यांनी आदेश दिला नसता तरी त्या दीड-पावणेदोन कोटींतली बहुतेक जनावरे पुढच्या काही आठवड्यांत मेलीच असती. जगाने हळहळ व्यक्त केली ती त्यांच्याबद्दल. शेतकऱ्याच्या दृष्टीने आदेशाचा खरा घाव पडला तो राखून ठेवलेल्या माद्यांवर. केसांचा रंग, दाटपणा, अंगाची लांबी, स्वभावाचा शांतपणा यांची निवड करत तीन-तीन पिढ्यांनी जोपासलेला वंश त्यांच्यात होता. कातड्याचा एक हंगाम बुडाला तर शेतकरी कर्ज काढून पुन्हा उभा राहतो. पैदाशीचा कळप गेला की उभे राहायला काही उरत नाही. सगळी मिंक मारा, या आदेशाचा व्यवहारातला अर्थ धंदा बंद करा असा होता, आणि हे पत्रकार परिषद ऐकणाऱ्या प्रत्येक मिंकवाल्याला त्याच क्षणी कळले.

शेतकऱ्यांचे लिलावघर

डेन्मार्कमध्ये हा धंदा मोठ्या उद्योगपतींच्या हातात नव्हता. फार्म कुटुंबांचे होते, बहुतेक युटलँड द्वीपकल्पावर. मासळी उतरणाऱ्या बंदरांजवळ खुराक स्वस्त मिळे. कातडी विकणारे कोपनहेगन फर हे लिलावघर शेतकऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचे होते आणि या संस्थेची मुळे १९३० पर्यंत जातात. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला ही रचना चटकन उमगेल: ऊस पिकवणारा जसा कारखान्याचा सभासद, तसा मिंक पाळणारा लिलावघराचा. कोपनहेगनजवळच्या ग्लोस्ट्रुपमध्ये कातडी आकार, रंग, केसांची लांबी आणि प्रत पाहून वेगळी केली जात, सारख्या कातड्यांचे गठ्ठे बांधले जात आणि जगभरचे खरेदीदार, त्यातही चीन आणि हाँगकाँगचे, बोली लावायला येत. फरच्या लिलावात जगात यापेक्षा मोठे घर नव्हते.

२०१३ च्या सुमाराला भाव शिगेला पोहोचले. तेव्हा पुष्कळांनी कर्जे काढून शेड वाढवल्या. मग चीनमधली मागणी ओसरली, भाव निम्म्याहून खाली आले आणि काही वर्षे कातड्याला खर्चाइतकेही पैसे मिळेनात. २०२० उजाडले तेव्हा धंदा आधीच मोडकळीला आला होता. हे सांगणे गरजेचे आहे, कारण नंतर भरपाईचे आकडे बाहेर आले तेव्हा सरकारने बुडता धंदा चढ्या भावाने विकत घेतला अशी टीका झाली आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती.

जून ते नोव्हेंबर

मिंकला करोना होतो हे एप्रिल २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये प्रथम दिसले. जूनच्या मध्याला डेन्मार्कच्या उत्तर युटलँडमधल्या एका फार्मवर संसर्ग सापडला. पहिल्या तीन फार्मवरची जनावरे मारली गेली. त्यानंतर जुलैत सरकारने धोरण बदलले: मारण्याऐवजी देखरेख ठेवायची, फार्मवर ये-जा कमी करायची, मास्क आणि हातमोजे सक्तीचे करायचे. उन्हाळ्यात हे चालून गेले. तेव्हा पिल्ले लहान होती आणि माणसांमधली साथही उतरलेली होती. सप्टेंबरपासून मात्र फार्ममागून फार्म पडू लागले. शेजारशेजारच्या शेडमध्ये हजारो जनावरे, मधे फक्त जाळी. विषाणूला इतकी मोकळी वाट दुसरीकडे मिळणे कठीण. १ ऑक्टोबरला ठरले की बाधित फार्म आणि त्यांच्याभोवती सुमारे आठ किलोमीटरच्या आतले सगळे फार्म रिकामे करायचे. नोव्हेंबर लागेपर्यंत बाधित फार्म २०० वर गेले होते. हे मारणे संसर्गाच्या नेहमी एक पाऊल मागेच राहिले.

मिंकमधून आलेले विषाणू जूनपासून २०० हून अधिक माणसांत सापडले होते. त्यातल्या उत्तर युटलँडमधल्या १२ जणांत एक विशिष्ट रूप होते. विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनात एकाच वेळी अनेक बदल असलेल्या त्या रूपाला स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूट या सरकारी संस्थेने ‘क्लस्टर ५’ असे नाव दिले. आधी आजारी पडून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्ये या रूपावर काहीशी कमी चालतात, असे प्रयोगशाळेत दिसले. नमुने थोडे होते, निष्कर्ष प्राथमिक होते. ३ नोव्हेंबरच्या अहवालात संस्थेने म्हटले की साथ चालू असताना मिंकपालन सुरू ठेवणे हा सार्वजनिक आरोग्याला मोठा धोका आहे. त्याच संध्याकाळी मंत्र्यांची बैठक झाली, दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद. लगोलग उत्तर युटलँडमधल्या सात पालिकांची नाकेबंदी झाली, बस-रेल्वे थांबल्या, पावणेतीन लाखांवर लोकांना आपल्या पालिकेबाहेर जाऊ नका असे सांगितले गेले. ब्रिटनने डेन्मार्कहून येणाऱ्यांना दार बंद केले.

पुढे १९ नोव्हेंबरला आरोग्य खात्याने सांगितले की क्लस्टर ५ सप्टेंबरच्या मध्यानंतर कुणातही आढळलेला नाही, म्हणजे तो बहुधा संपलेलाच आहे. टीकाकार आजही यावर बोट ठेवतात. मला त्यांचे म्हणणे अपुरे वाटते. एक रूप संपले म्हणून पिंजऱ्यातले कारखाने बंद पडत नाहीत. राखलेल्या लाखो माद्या हिवाळाभर त्याच शेडमध्ये राहिल्या असत्या, वसंतात त्यांना पिल्ले झाली असती आणि विषाणूला पुन्हा कोट्यवधी नवी शरीरे मिळाली असती. ही भीती हवेतली नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पेनच्या गॅलिसियात एका मिंक फार्मवर बर्ड फ्लू शिरला आणि तो मिंककडून मिंककडे पसरल्याची चिन्हे दिसली. तिथली ५० हजारांवर जनावरे मारावी लागली. २०२३ मध्ये फिनलंडच्या फर फार्मवर तीच गत झाली. दाटीने कोंडलेले वीझल कुळातले जनावर श्वसनाच्या विषाणूंना बळी पडते, हे शास्त्रीयदृष्ट्या आता वादाचे राहिलेले नाही.

फोनवरचा प्रश्न

डेन्मार्कचा तेव्हाचा पशुरोगविषयक कायदा बाधित फार्म आणि त्याच्या भोवतालच्या पट्ट्यापुरता होता. त्याबाहेरच्या निरोगी कळपाला हात लावायचा अधिकार त्यात नव्हता. अन्न मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांना हे ठाऊक होते, हे पुढे चौकशीत सिद्ध झाले. तरी पशू व अन्न खात्याची पत्रे निघाली आणि पोलिसांनी मिंकवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली. फोनवर काय बोलायचे हे छापील पत्रकात लिहून दिलेले होते. शेतकऱ्याला विचारायचे, तुम्ही स्वतः जनावरे मारणार का, हो की नाही. नाही म्हणाला तर सांगायचे की मारली तर जाणारच आहेत. शिवाय मुदतीत काम उरकणाऱ्याला जनावरामागे २० क्रोन जादा देऊ केले होते.

मला या प्रकरणातला सर्वात जड भाग हा वाटतो. फोनच्या या टोकाला एक माणूस आहे, शेड भरलेली, केस तयार, कळप निरोगी. पलीकडून पोलीस बोलतो आहे. कायदा काय म्हणतो हे तपासून पाहायला शेतकऱ्याला ना वेळ आहे ना कारण. डेन्मार्कमध्ये पोलीस सांगतो ते कायदेशीर असणार हे लोक गृहीत धरतात. या विश्वासावरच तिथले प्रशासन चालते. सरकारने नेमक्या त्या विश्वासाचा वापर करून घेतला. हे जाणूनबुजून झाले की धांदलीत, याचे उत्तर माणसागणिक वेगळे निघेल, पण शेतकऱ्याच्या अंगणात त्याने काही फरक पडला नाही.

अधिकार नसल्याचे बाहेर येऊ लागले तेव्हा सरकारने घाईघाईने विधेयक आणायचा प्रयत्न केला. डेन्मार्कच्या संसदेत, म्हणजे फोल्केटिंगमध्ये, नेहमीची मुदत टाळून विधेयक लगेच मंजूर करायचे तर तीनचतुर्थांश सदस्यांची साथ लागते. ती मिळाली नाही. १० नोव्हेंबरच्या सुमारास सरकारला मान्य करावे लागले की निरोगी फार्मसाठी तो आदेश नव्हता, विनंती होती. तोवर कित्येकांनी विनंतीलाच आदेश समजून शेड रिकाम्या केल्या होत्या. १२ नोव्हेंबरला कोपनहेगन फरने दोन-तीन वर्षांत कामकाज गुंडाळणार असल्याचे जाहीर केले. विकायला कातडीच येणार नाहीत तर लिलाव कशाचा करणार? १८ नोव्हेंबरला अन्नमंत्री मोगेन्स येन्सन यांनी राजीनामा दिला. २६ तारखेला फ्रेडरिकसन कोल्डिंगजवळच्या एका बाप-लेकाच्या रिकाम्या फार्मवर गेल्या आणि कॅमेऱ्यांपुढे त्यांना रडू आवरले नाही. मिंकपालनावर बंदी घालणारा कायदा मंजूर झाला २१ डिसेंबरला. तेव्हा देशात मारायला मिंक उरली नव्हती.

खड्डे

एवढी मढी घालायची कुठे, याचा विचारही आधी पुरता झाला नव्हता. चरबी आणि हाडे वेगळी करणारे कारखाने आणि कचराभट्ट्या कमी पडल्या. मग पश्चिम युटलँडमध्ये होल्स्टेब्रो आणि कारुपजवळच्या लष्करी जमिनींवर लांबच लांब चर खणले, मढी आणि चुना टाकून वर वाळूमाती लोटली. नोव्हेंबर संपता संपता काही ठिकाणी मढी पुन्हा वर आली. कुजताना पोटात वायू धरतो, मढे फुगते आणि अंगावर भुसभुशीत, हलकी माती असली तर ते वर ढकलले जाते. जगभरच्या वाहिन्यांनी याची करमणूक केली. तिथल्या गावकऱ्यांना मात्र पोहण्याच्या तळ्याची आणि भूजलाची काळजी होती, आणि ती रास्त होती. एका ठिकाणचे चर तळ्याच्या फारच जवळ होते. डिसेंबरातच सरकारने पुरलेले सारे पुन्हा उकरायचे ठरवले. मे २०२१ पासून सुमारे ४० लाख मढी बाहेर काढून भट्ट्यांत जाळण्यात आली.

भरपाई आणि चौकशी

२५ जानेवारी २०२१ ला पक्षांमध्ये भरपाईचा करार झाला. अंदाज होता जास्तीत जास्त १९ अब्ज क्रोनच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या दराने बावीस हजार कोटी रुपयांहून थोडे अधिक. शेतकऱ्यापुढे दोन वाटा ठेवल्या: धंदा कायमचा सोडा आणि पूर्ण भरपाई घ्या, किंवा शेड जपून ठेवा आणि बंदी उठेपर्यंत थांबण्यासाठी पैसे घ्या. बाराशेच्या आसपास फार्ममालकांपैकी थांबण्याची वाट धरली फक्त १३ जणांनी. पैदाशीचा कळप गेल्यावर काय उरते, याचे इतके स्पष्ट उत्तर दुसऱ्या कुठल्या आकड्यातून मिळणार नाही. प्रत्येक फार्मचे मूल्यांकन स्वतंत्र व्हायचे असल्याने हातात पैसे पडायला कित्येकांना वर्षे लागली, आणि त्या काळात बँकेचे हप्ते थांबले नव्हते.

संसदेने एप्रिल २०२१ मध्ये न्यायाधीश मिकाएल किस्ट्रुप यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगाने पंतप्रधानांचे मोबाईल संदेश मागितले, तेव्हा कळले की त्यांच्या फोनमधले संदेश तीस दिवसांनी आपोआप पुसले जातील अशी सोय केलेली होती. ते परत मिळवता आले नाहीत. ३० जून २०२२ च्या अहवालात आयोगाने म्हटले की ४ नोव्हेंबरची पंतप्रधानांची विधाने वस्तुतः घोर दिशाभूल करणारी होती, पण आपल्याकडे अधिकार नाही हे त्यांना त्या क्षणी माहीत असल्याचे दिसत नाही. दहा वरिष्ठ अधिकाऱ्यांवर मात्र आयोगाने गंभीर ठपका ठेवला. पाच दिवसांनी संसदेच्या समितीने फ्रेडरिकसन यांना औपचारिक समज दिली. सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या पक्षाने मध्यावधी निवडणुकीचा आग्रह धरला, १ नोव्हेंबर २०२२ ला मतदान झाले आणि फ्रेडरिकसन यांचा पक्ष सर्वात मोठा ठरला. त्या पंतप्रधानपदी कायम राहिल्या.

मतदारांनी माफ केले म्हणजे प्रश्न मिटला, असे मी मानत नाही. माहिती नव्हती हा बचाव पंतप्रधानांना व्यक्ती म्हणून सोडवतो. पण ज्या रात्री एवढा निर्णय झाला त्या रात्री, हे करायला कायदा आहे का, हा साधा प्रश्न खोलीतल्या एकाही माणसाने नेटाने लावून धरला नाही. ज्यांना उत्तर ठाऊक होते ते त्या खोलीत नव्हते, किंवा असूनही बोलले नाहीत. आणि वेळ इतका कमी होता का? जुलैत मारणे थांबवले तेव्हापासून, हिवाळ्यात सगळा कळप काढावा लागला तर अधिकार कुठून आणायचा, हे ठरवायला तीन-चार महिने हातात होते. तेव्हा विधेयक नेहमीच्या वाटेने मंजूर करून ठेवता आले असते. मग नोव्हेंबरात तोच निर्णय, तितक्याच वेगाने आणि उजळ माथ्याने घेता आला असता. आणि पुरण्याची जागाही नकाशावर शांतपणे निवडता आली असती. धोका मोठा होता म्हणून कायदा बाजूला ठेवावा लागला, हा युक्तिवाद मला म्हणूनच पटत नाही. धोका मोठा असल्याचे उन्हाळ्यापासून दिसत होते.

नंदुरबारकडच्या वाचकांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लूची पुष्टी झाली, देशातली ती पहिलीच वेळ. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुराव्या लागल्या. जनावरांच्या साथीसाठीचा केंद्रीय कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, २००९ मध्ये आला. मिंकपालन आपल्याकडे नाही, आणि मिंक, कोल्हा, चिंचिला यांच्या कातड्यांची आयातही जानेवारी २०१७ पासून बंद आहे. पण निरोगी जनावर सार्वजनिक हितासाठी मारायचे तर आदेश कोण देणार, कोणत्या कलमाखाली, भरपाई किती आणि ती कधी, हे प्रश्न कुक्कुटपालन करणाऱ्या प्रत्येक तालुक्याचे आहेत, आणि ते साथ नसताना सोडवायचे असतात.

नेदरलँड्सने वेगळी वाट धरली. तिथे मिंकपालन २०२४ पर्यंत संपवायचा कायदा आधीच झालेला होता. संसर्ग पसरला तेव्हा ती मुदत अलीकडे ओढून २०२१ च्या सुरुवातीवर आणली. शेतकऱ्यांचे नुकसान तिथेही झाले, रागही होता, पण आपल्याला कोणत्या कायद्याखाली उठवले हे त्यांना माहीत होते.

डेन्मार्कमधली बंदी २०२२ च्या अखेरीला संपली. जानेवारी २०२३ पासून संसर्गाच्या कडक नियमांखाली मिंकपालनाला पुन्हा परवानगी आहे. मोजक्याच शेतकऱ्यांनी परदेशातून पैदाशीची जनावरे आणून नव्याने सुरुवात केली. बाकीच्यांच्या लांबलचक शेड सरकारने आपल्या खर्चाने एकेक करून पाडायला घेतल्या. ग्लोस्ट्रुपचे लिलाव बंद झाल्यानंतर युरोपात मोठे फर लिलावघर उरले आहे ते फिनलंडचे सागा फर्स.